बिनपथकराचा पूल

भिवंडी तालुक्यातील मानकोली हे गाव उल्हास नदीच्या काठाजवळ आहे. राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीच्या कुशीत उगम पावलेली ही नदी कल्याणच्या पुढे आली, की समुद्राची भरती तिला भेटावयास येते. त्यामुळे आमच्याकडील जुनी माणसे तिला नदी न म्हणता खाडीच म्हणतात. माझ्या बालपणी मानकोलीच्या बाजूने पलीकडील डोंबिवलीच्या मोठागावास जावयाचे तर होडीत बसावे लागे. माझी आजी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पलीकडे जात असे. नावाडी तिच्याकडून दोन वेळा पैसे घेई. एकदा तिचे आणि एकदा पाटीचे. आजी कुरकुर करी, पण देई. एके दिवशी तिच्या कनवटीला नाणेच नव्हते. तेव्हा नावाड्याने पाटीतून मेथीच्या दोन जुड्या उचलल्या आणि मगच होडी लोटली. त्या दिवशी आजी परत येताना वाटभर एकच गोष्ट बोलत होती : "विकायच्या आधीच भाजी कमी झाली, बाळा !"

आज त्याच ठिकाणी मोठागाव व मानकोली यांना जोडणारा सव्वा किलोमीटर लांबीचा पूल उभा आहे. त्याखेरीज मुंबईहून नाशिककडे जाणारा महामार्ग मानकोलीजवळच पुलावरून ही नदी ओलांडतो. या महामार्गावर खारेगाव येथे पथकराचा नाका होता. तो २०१७ साली बंद झाला. तुमच्यापैकी जे भिवंडी-ठाणे भागात राहतात, त्यांच्या वडीलधाऱ्यांना तेथील वाहनांच्या लांबच लांब रांगा खचित आठवत असतील. रस्ता किंवा पूल वापरल्याबद्दल जे पैसे द्यावे लागतात, त्यांस पथकर म्हणतात. बोलण्यात आपण त्याला 'टोल' म्हणतो. होडीवाला पैसे मागतो, हे समजण्याजोगे आहे. तो वल्हे मारतो, घाम गाळतो. पण पूल तर जागच्या जागी निश्चल उभा असतो. मग त्याच्यावरून जाताना पैसे कशाचे ? मी शाळेत शिकवीत असताना एका मुलाने हा प्रश्न मला विचारला होता. मी त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन खाली बसविले, याची मला अजून रुखरुख वाटते. त्याला द्यावयाचे उत्तर आज तुम्हांला देतो.

हे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला मानकोलीहून मुंबईच्या वाटेला लागले पाहिजे. मुंबई हे मूळचे बेट. उत्तरेस साष्टी नावाचे दुसरे मोठे बेट होते. ठाणे, कुर्ला, वांद्रे ही सर्व गावे साष्टीतली. कल्याण-भिवंडीकडून मुंबईस जाणाऱ्या माणसाला आधी उल्हास नदी उतरून ठाण्यास यावे लागे, नंतर सारी साष्टी ओलांडावी लागे आणि शेवटी मुंबईच्या वेशीवर पुन्हा पाणी आडवे येई. माल मात्र बहुधा होड्यांतूनच जाई. साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि मुंबई इंग्रजांकडे गेलेली होती, त्या काळी ठाण्याच्या खाडीतून मुंबईकडे जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज जकात वसूल करीत. म्हणजे मुंबईकराच्या ताटात पडणाऱ्या तांदळावर वाटेतच एक मूठ काढून घेतली जात होती. इंग्रज व्यापारी त्याविरुद्ध वारंवार तक्रारी करीत. पुढे १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांच्या मोहिमेत साष्टी व वसई मराठ्यांनी जिंकून घेतली. त्या मोहिमेत ज्यांनी मोठी कामगिरी बजावली, ते गंगाजी नाईक मानकोलीच्या शेजारच्या अंजूर गावचे. १७७४ साली इंग्रजांनी मराठ्यांकडून साष्टी घेतली आणि पाण्याच्या दोन्ही तीरांवर एकच सत्ता आली. तेव्हाच कोठे पूल बांधण्याची गोष्ट निघू शकली. दोन राज्यांच्या सीमेवर पूल कोण बांधणार ?

ही सीमा ज्या ठिकाणी होती, त्या गावाचे नावच मुळी 'शीव' असे आहे. शीव म्हणजे हद्द, वेस. इंग्रजांनी त्याचा उच्चार 'सायन' असा केला. मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत १७९८ साली शीव व कुर्ला यांच्यामधील दलदलीतून बांध घालण्यास प्रारंभ झाला व १८०५ साली हे काम पुरे झाले. मुंबई बेट अशा रीतीने पहिल्यांदाच साष्टीला बांधले गेले. बैलगाडीत धान्य भरून निघालेला शेतकरी आता साष्टीतून चाके ओली न करता मुंबईत शिरू शकत होता.

परंतु या बांधाच्या तोंडाशी नाका होता. ईस्ट इंडिया कंपनीने बांधावरून जाणाऱ्यांवर पथकर बसविला. तिचे म्हणणे असे, की बांधास खर्च आला आहे. तेव्हा ज्याला त्याचा उपयोग होतो, त्याने तो भरून द्यावा. हे म्हणणे अगदीच गैर आहे असे मी म्हणणार नाही. जो शेतकरी कधी मुंबईस जातच नाही, त्याच्याकडून शिवेच्या बांधाचा खर्च का घ्यावा ? जो जातो त्याने द्यावे, हे वरकरणी तरी न्यायाचेच वाटते.

मुलांनो, आता यातील मेख पाहा. नाक्यावर चाके मोजली जातात, जनावरे मोजली जातात. पण गाडीवानाच्या गाठीला काय आहे, हे कोणी मोजीत नाही. सावकाराची रिकामी गाडी आणि गरीब शेतकऱ्याची भाताने भरलेली गाडी यांना नाका सारखाच. सावकाराच्या बटव्यातून दोन आणे गेले तर त्याला त्याचे भानही राहत नाही. शेतकऱ्याच्या कनवटीचे दोन आणे गेले, तर त्या दिवशी त्याच्या घरी मीठ-मिरची येत नाही. शिवाय सावकार वर्षातून दोनदा जात असेल; पोटासाठी धडपडणाऱ्याला रोज जावे लागते. ज्याची गरज मोठी, त्याचा पथकरही मोठा.

दुसरी गोष्ट वसुलीची. त्या शतकात आपल्या देशात नाक्यांची वसुली बहुधा मक्त्याने दिली जात असे. सरकार नाक्याचा लिलाव करी. जो सर्वांत मोठी रक्कम देऊ करी, त्याला वर्षाचा मक्ता मिळे. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरावयाची आणि नाक्यावर जे जमेल ते स्वतः ठेवावयाचे. त्यामुळे सरकारला आपली रक्कम निर्वेध मिळे, पण मक्तेदाराचे सारे लक्ष जास्तीत जास्त वसूल करण्याकडे लागे. आडमुठा मक्तेदार आणि निरक्षर गाडीवान यांची गाठ पडली, म्हणजे काय होत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. हा प्रकार कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असला पाहिजे. कारण पथकरासंबंधी १८५१ साली जो कायदा झाला, त्यात नाक्याजवळ ठळक जागी दरांचा तक्ता इंग्रजीत आणि त्या जिल्ह्याच्या देशी भाषेत लावलाच पाहिजे, असे सांगितले आहे. त्याच तक्त्याखाली पथकर न देणाऱ्यास काय शिक्षा आहे हे जसे लिहावयाचे, तसेच बेकायदा पथकर घेणाऱ्यास काय शिक्षा आहे तेही लिहावयाचे होते. हे दुसरे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. मात्र ज्याला वाचता येत नाही, त्याला तक्ता काय आणि कोरी भिंत काय, सारखीच !

शिवेच्या बांधावरील पथकर १८३१ साली उठला. बांध मात्र मागे राहिला आणि लोकांच्या उपयोगी पडत राहिला.

आता आपण शिवेहून थोडे पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूस जाऊ. तेथे मिठी नदी समुद्रास मिळते. नदीच्या मुखाच्या एका अंगास माहीम आणि दुसऱ्या अंगास वांद्रे. माहीमच्या किनाऱ्यावरून वांद्र्याची घरे नुसत्या डोळ्यांनी दिसत. पण मध्ये खाडी आणि चिखल. ओहोटी असली, की होडी चिखलात रुतून बसे. भरतीच्या वेळी, आणि त्यातही पावसाळ्यात, वारा व लाटा यांमुळे होडी उलटण्याची भीती असे. ज्याला होडी नको असेल, त्याने शिवेच्या बांधावरून मोठा वळसा घालून यावे. माहीमच्या आणि वांद्र्याच्या कोळणींनी मासळीच्या पाट्या घेऊन एवढा वळसा घातला असता, तर बाजारात पोहोचेपर्यंत मासळी उतरून गेली असती. तेव्हा जिवावर उदार होऊन होडीनेच जावे लागे.

येथेही बांध व पूल हवा, ही मागणी होत होती. परंतु कंपनी सरकार खर्चाच्या नावाने हात आखडून बसले होते. अशा वेळी एक बाई पुढे आल्या. त्यांचे नाव आवाबाई. मुंबईचे सुप्रसिद्ध पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या त्या पत्नी. जमशेटजींना १८४२ साली 'सर' ही पदवी मिळाली. ती मिळविणारे ते पहिले भारतीय. म्हणून आवाबाईंना 'लेडी जमशेटजी' म्हणू लागले. जमशेटजी लहानपणीच पोरके झाले होते. मामांच्या रिकाम्या बाटल्या विकण्याच्या धंद्यात हाताखाली काम करून त्यांनी व्यापाराचे पहिले धडे घेतले. पुढे चीनशी व्यापार करून त्यांनी अमाप द्रव्य मिळविले. त्या व्यापारात कापूस होता, तशी अफूही होती, हे तुमच्यापासून लपवून ठेवण्याचे कारण नाही. माणसाच्या हातून पैसा कसा आला आणि तो कसा गेला, हे दोन्ही पाहिले पाहिजे. जमशेटजींच्या हातून तो इस्पितळे, शाळा व धर्मादाय कामे यांत मुक्त हस्ताने गेला.

माहीमच्या पुलासाठी आवाबाईंनी आरंभी एक लाख रुपये देऊ केले. काम सुरू झाले. चिखलात पाया घेण्याचे काम कागदावरील अंदाजाला कधी जुमानीत नाही. एक लाख रुपये संपले, तरी पूल पुरा झाला नव्हता. काम अर्धवट पडते की काय, अशी वेळ आली. तेव्हा आवाबाईंनी आणखी ५७,००० रुपये दिले. एकूण रक्कम १,५७,००० रुपये झाली.

एवढी मोठी देणगी देताना त्यांनी आपल्यासाठी काय मागितले असेल ? त्यांनी सरकारला एकच अट घातली. या पुलावरून जाणाऱ्या-येणाऱ्या कोणाकडूनही पथकर घ्यावयाचा नाही. शिवेच्या नाक्याची आठवण तेव्हा मुंबईकरांच्या मनात ताजी होती. तो उठून पंधरा वर्षेही झाली नव्हती. दान दिलेल्या पुलाच्या तोंडाशी उद्या कोणी नाका उभारला, तर दानाचा लाभ कोळणीला न मिळता मक्तेदाराला मिळेल, हे त्या अटीच्या मुळाशी असले पाहिजे, असे मला वाटते.

या अटीचे मोल किती, ते आपण थोडे गणित करून पाहू. त्या काळी एका रुपयाचे सोळा आणे होत. १,५७,००० रुपयांचे २५,१२,००० आणे होतात. समजा, पुलावर नाका ठेवला असता आणि प्रत्येक गाडीमागे एक आणा घेतला असता. समजा, दररोज शंभर गाड्या गेल्या असत्या. तर नुसती मुद्दल वसूल होण्यास २५,१२० दिवस, म्हणजे जवळजवळ ६९ वर्षे लागली असती. पूल १८४५ साली खुला झाला. त्यात ६९ मिळवा. १९१४ साल येते. म्हणजे पहिले महायुद्ध सुरू झाले ते वर्ष. आजोबाने नाक्यावर आणा दिला असता, मुलाने दिला असता आणि नातवानेही दिला असता. दर आणि गाड्यांची संख्या मी केवळ हिशेबासाठी धरली आहे. व्याज आणि दुरुस्ती तर मोजलीच नाही. पण तीन पिढ्यांच्या खांद्यावरचे ओझे एका बाईने एकदाच उचलले, एवढे या गणितावरून ध्यानात येईल.

हा पूल बांधला कसा, तेही थोडक्यात सांगतो. लेफ्टनंट क्रॉफर्ड या अभियंत्याने त्याचा आराखडा केला. (मुंबईतील प्रसिद्ध मंडईला ज्यांचे नाव होते, ते क्रॉफर्ड निराळे, ते त्या वेळी लहान मूल होते.) नदीच्या मुखावर सलग बांध घातला, तर आतले पाणी बाहेर जाणार कसे आणि भरतीचे पाणी आत येणार कसे ? कोंडलेले पाणी एक तर बांध फोडील, नाही तर मागची शेते व घरे बुडवील. म्हणून दोन्ही बाजूंनी दगड-मातीचा भरीव बांध आणि मधल्या भागात पाण्याला वाट देणाऱ्या दगडी कमानी अशी रचना केली. चार कमानींचा हा पूल. कमानीची गंमत अशी, की तिच्यातील दगड पाचरीसारखे एका अंगाला रुंद व दुसऱ्या अंगाला अरुंद घडविलेले असतात. वरून भार पडला, की ते एकमेकांवर अधिकच घट्ट दाबले जातात. कमान उभी होईपर्यंत खालून लाकडी साचा द्यावा लागतो. माथ्यावरचा शेवटचा दगड बसला, की साचा काढून घेतात आणि कमान स्वतःच्याच भाराने उभी राहते. भरती-ओहोटीच्या पाण्यात, दिवसातून दोनदा बुडणाऱ्या चिखलावर हे काम करणारे गवंडी, पाथरवट आणि डोक्यावर दगडांची घमेली वाहणारी माणसे कोण होती, त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. देणगी आवाबाईंची होती. घाम त्यांचा होता.

८ एप्रिल १८४५ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्या हस्ते पूल खुला झाला. त्या वेळी आपल्याकडे आगगाडी आली नव्हती. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी त्यानंतर आठ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी ती ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. आगगाडीमुळे मुंबईचे रूप पालटले, असे आपण नेहमी वाचतो, आणि ते खरेही आहे. पण तिकिटाला पैसे नसलेल्या माणसाला मुंबईत पायी शिरण्याची वाट आधीच खुली झाली होती.

आज माहीमच्या त्या रस्त्यावरून बैलगाड्या जात नाहीत. मोटारी, बसगाड्या, रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणी, शाळेची मुले, कोणालाही तेथे थांबून पैसे द्यावे लागत नाहीत. त्याच उपसागरावर, वांद्र्याच्या बाजूने, २००९ साली एक नवा भव्य पूल झाला. वांद्रे ते वरळी असा हा सागरी सेतू सुमारे साडेपाच किलोमीटर लांब आहे. पोलादी दोरांनी तोलून धरलेला हा सेतू पाहावयास लोक मुद्दाम येतात. त्याच्यावर मात्र पथकर आहे. तो का आहे, हे तुम्ही आता समजू शकाल : त्याला फार मोठा खर्च आला आणि तो भरून देणाऱ्या आवाबाई तेथे नव्हत्या. सरकारने तिजोरीतून दिला असता, तर सागरी सेतू कधी न पाहिलेल्या गडचिरोलीच्या शेतकऱ्यालाही त्याचा वाटा उचलावा लागला असता. ज्याला घाई आहे आणि ज्याच्याकडे मोटार आहे, त्याने सेतूवरून पैसे देऊन जावे. ज्याला घाई नाही, त्याने माहीमवरून फुकट जावे. जवळ फुकटची वाट असताना घेतलेला पथकर मला तितकासा टोचत नाही. पण जेथे दुसरी वाटच नाही, तेथील नाका हा आजीच्या पाटीतून मेथीच्या जुड्या उचलणारा नाका असतो. अशा नाक्यावर दरांचा तक्ता तर असावाच. त्याबरोबर पुलाचा खर्च किती झाला, आजवर वसूल किती झाला आणि नाका कोणत्या दिवशी उठणार, हेही मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे.

आवाबाई १८७० साली वारल्या. माहीमच्या ज्या रस्त्याने या पुलाकडे जातात, त्याला 'लेडी जमशेटजी मार्ग' असे नाव आहे. हे नाव फार लांब, म्हणून मुंबईकरांनी त्याची दोन अक्षरे करून टाकली. मागे एकदा मी दादरहून वांद्र्याकडे बसने निघालो होतो. शेजारी तुमच्याच वयाचा एक मुलगा बसला होता. मी त्याला विचारले, "बाळ, हा रस्ता कोणता ?"

"एल. जे. रोड," तो चटकन म्हणाला.

"एल. जे. म्हणजे कोण ?"

त्याने थोडा विचार केला, खिडकीबाहेर पाहिले आणि मान हलविली. इतक्यात बस पुलावर चढली. खाडीत ओहोटी होती. चिखलात दोन-तीन होड्या कलंडून पडल्या होत्या आणि बगळे त्यांच्या भोवती फिरत होते. मी त्याला सांगावयास सुरुवात केली. पण पूल एवढा लहान, की माझे पहिले वाक्य पुरे होण्याच्या आतच वांद्रे आले.